तुझा तास अर्धाच राहिला

सुलेमान,

तुला माती द्यायला मी नव्हतो.

अस्लमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. मी वायुसेनेच्या प्रबोधिनीत, पाहुण्यांच्या खोलीत, अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभा होतो. "काका, अब्बा गेले," तुझा मुलगा एवढंच बोलला. मग म्हणाला, "आज चार-पाचला, असरच्या नमाजानंतर नेणार. तुम्ही पोचणार नाय, मला माहीत हाय." मी दोन गाड्यांच्या अंतरावर होतो. त्या दिवशी रत्नागिरी गाठणं शक्यच नव्हतं. पण निघणं शक्य होतं, आणि मी निघालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या तुकडीचा पहिला तास होता. तो घेऊन मग मी गाडीत बसलो. राजिवड्याला तुझ्या घरी आलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं की आरक्षण मिळालं नाही. तुला तेवढं खरं सांगतो आहे.

तो पहिला तास तुझ्याइतका कुणीच ऐकला नसेल. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी मी तिथे जातो. अधिकारी व्हायला आलेल्या कॅडेटना लष्करी हवाई सामर्थ्याचा इतिहास शिकवतात, त्या अभ्यासक्रमाची प्रस्तावना माझ्याकडे असते. तास एकच, पुढचं सगळं तिथले तरुण शिक्षक बघतात. आणि जायच्या आधी आठवडाभर मी त्या तासाची तालीम तुझ्या पडवीत करायचो. तू कुठल्यातरी होडीच्या इंजिनाचा भाग मांडीवर घेऊन पुसत असायचास. आखातातून आलास तेव्हापासून तुझा डावा कान गेलेला, म्हणून मी तुझ्या उजव्या बाजूला उभा राहायचो.

"बोल," तू म्हणायचास. "पोरं बसली हायत."

मी सुरुवात करायचो. कापडाची आणि लाकडाची विमानं, हातानं खाली टाकलेले बॉम्ब, मग मोठी विमानं, जळलेली शहरं, आभाळातूनच युद्ध जिंकता येईल असं मानणारे सेनापती, ते कुठे बरोबर ठरले, कुठे चुकले. आणि मध्यावर माझे आवडते तीन शब्द यायचे. उंची, वेग, पल्ला. हवाई सामर्थ्याला जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या फौजेपासून वेगळं करतात ते हे तीन गुण. मी बोटांवर मोजत सांगायचो.

पहिल्याच वर्षी तू फडकं बाजूला ठेवलंस. "विश्या, तुज्या गोष्टीत सगळी माणसं वरच हायत. खाली कोण नाय?"

"खालचं पुढे येतं. नुकसानीचा अंदाज, लक्ष्याची निवड, ते सगळं पुढच्या धड्यांत आहे."

"नुकसानीचा अंदाज," तू शब्द चघळल्यासारखा म्हणालास. "म्हंजे मी."

मी हसलो. तू हसला नाहीस.

खरं तर या सगळ्याची सुरुवात तुझ्यामुळेच झाली. वायुसेनेच्या भरतीची जाहिरात तूच आणली होतीस. बंदरावरून बांगडे ज्या वर्तमानपत्रात बांधून आले, त्यात ती होती. माशाच्या पाण्यानं अर्धी अक्षरं पुसलेली. आपण दोघांनी भिंगाखाली धरून पत्ता वाचला. अर्ज तूही करणार होतास. तुझे वडील त्याच महिन्यात अंथरुणाला खिळले, आणि तू शाळा सोडून जहाजावर चढलास. मी निवडला गेलो तेव्हा तू मला आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरातून पत्र पाठवलंस, की आता वर गेल्यावर खाली बघून हात कर. पुढे मी मालवाहू विमानं चालवतो हे कळल्यावर मात्र तुझी चेष्टा थांबेना. चौक्यांवर तांदूळ, डाळ, रॉकेल टाकायचं माझं काम ऐकून तू माझं नाव उडता एसटी ड्रायव्हर ठेवलंस. आईसमोरही त्याच नावानं हाक मारायचास, आणि आई पदराआड हसायची.

मी उभ्या आयुष्यात एकही बॉम्ब टाकला नाही, सुलेमान. हे मी तुला वादात नेहमी ऐकवायचो. तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "तू टाकला नायस. मी खाल्ला."

तेव्हा आखातात दोन देशांचं युद्ध चाललं होतं आणि तेल वाहून नेणारी परक्यांची जहाजं दोघांच्याही विमानांची शिकार होत होती. तू अशाच एका जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होतास. तुझ्याबरोबर दापोलीकडच्या बुरोंडीचा इस्माईल होता. जहाजावर आग लागली, इस्माईल गेला, तू वाचलास, एवढं मला तारेनं कळलं. तू घरी आलास त्याच महिन्यात मी सुट्टी काढून आलो. तू पडवीतच बसला होतास. हात पट्ट्यांत गुंडाळलेले, भुवया जळून गेलेल्या. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. आणि मी, तुझा लहानपणापासूनचा मित्र, पहिला प्रश्न काय विचारला? "कुठल्या बाजूनं आलं रे? मिसाईल होतं की बॉम्ब?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग उठून आत गेलास. त्या सुट्टीत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मला तेव्हा वाटलं, माणूस धक्क्यात आहे. इस्माईलचं मी काहीच विचारलं नव्हतं हे माझ्या लक्षात यायला वीस एक वर्षं जावी लागली. आणि लक्षात आल्यावरही मी तुला ते बोलून दाखवलं नाही. आपल्या वयाच्या पुरुषांना असलं बोलायची सवय नसते, असं म्हणून मी सुटत राहिलो.

तुझी एक मागणी मात्र तू स्पष्ट शब्दांत केली होतीस. तालमीचं तिसरं किंवा चौथं वर्ष असेल. माझं बोलून झालं आणि तू म्हणालास, "मला ने एकदा. पाच मिन्टं बोलेन. तुजा तास खराब नाय करणार."

मी म्हणालो, बघू. पुढच्या वर्षी म्हणालो, परवानगी लागते. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालो, प्रवास लांबचा आहे, तुला झेपणार नाही. तू जहाजांवर पृथ्वीला किती वळसे घातले असतील, आणि मी तुला दोन दिवसांच्या आगगाडीची भीती घालत होतो.

खरं कारण आता लिहितो. मला तुझी लाज वाटत होती. तुझी मोडकी हिंदी, तुझं मध्येच थांबणं, बोलताना डावा कान पुढे करून मग आठवण झाल्यावर उजवा करणं. आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. विमानांनी माणसांचं काय होतं हे सांगायला मी एका मुसलमान माणसाला गणवेशातल्या पोरांसमोर उभा करतोय, याचा कुणी काही अर्थ काढेल का, अर्जावरचं नाव वाचून कुणी भुवई उचलेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. येऊन गेला होता असं म्हणणंही खोटं आहे. तो तिथे मुक्कामाला होता. ज्याच्या घरी ईदच्या दिवशी माझ्यासाठी शीरखुर्म्याची वाटी आधीच काढून ठेवलेली असायची, त्याच्याबद्दल.

तुला ते कळलं होतं. गेल्या वर्षी मी अखेर परवानगीचा अर्ज घेऊन आलो, तेव्हा तू चष्मा लावून माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत बसलास. "नाव पूर्ण लिही," तू म्हणालास. "बापाचंपण लिही. अडायचं आसंल तर हितंच अडूंदे."

कुठेच अडलं नाही. तिसऱ्या दिवशी होकार आला, आणि प्रबोधिनीच्या प्रमुखांनी फोनवर विचारलं, यांना आधी का नाही आणलंत? मी सांगितलं, त्यांची तब्येत. म्हणजे तेही खोटं.

त्या प्रवासात तू किती खुशीत होतास. वहिनींनी तुझा पांढरा सदरा इस्त्री करून पिशवीत वेगळा ठेवला होता, आणि तू ती पिशवी रात्रभर उशाशी घेऊन झोपलास. सकाळी गाडीच्या आरशात बघून दाढी सारखी करताना तू मला विचारलंस, पोरींना पण शिकवतात काय आता? हो म्हटल्यावर म्हणालास, बरं झालं.

वर्गात तुला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. मी माझा तास घेतला. नेहमीपेक्षा जरा भराभर. मग तुझी ओळख करून दिली, हे माझे मित्र, जहाजावर होते, यांनी हवाई हल्ला खालून पाहिला आहे. तू उठलास, व्यासपीठाच्या कडेला दोन्ही हात टेकलेस आणि हिंदीत बोलायला लागलास. मला वाटलं होतं त्यापेक्षा तुझी हिंदी पुष्कळ चांगली होती. जगातल्या सगळ्या बंदरांवर तू तीच बोलत आला होतास.

तू म्हणालास, "माझी पाळी होती आणि इस्माईलची पण. आम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे. खाली इतका आवाज असतो की बोलता येत नाही, हातानं खुणा करतात. त्यानं खूण केली, चहा आण. मी शिडी चढून वर गेलो. दोन कप भरले. मग मी आडवा पडलो होतो आणि कप कुठे दिसत नव्हते. तुमच्या सरांनी आत्ता तीन गोष्टी सांगितल्या. उंची, वेग, पल्ला. त्या बरोबरच असणार, ते शिकलेले आहेत. पण बाळांनो, मला त्यातलं काही दिसलं नाही. विमान मी बघितलंच नाही. आजपर्यंत नाही. मला धूर दिसला."

मागच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, क्षेपणास्त्र कुठल्या बाजूनं आलं होतं?"

माझे कान तापले. तू मात्र शांतपणे म्हणालास, "डाव्या बाजूनं, बेटा. बाकीचं तुमचे सर सांगतील." आणि माझ्याकडे बघून किंचित हसलास. त्या हसण्यात राग नव्हता, हे मला आज जास्त टोचतं.

मग ती मुलगी उठली. अकोल्याकडची होती, नंतर कळलं. तिनं विचारलं, "सर, इस्माईल यांच्या घरी कुणी सांगितलं?"

तू तोंड उघडलंस. काही आलं नाही. तू व्यासपीठाची कडा धरलीस, मग सोडलीस, मग पुन्हा धरलीस. छताचा पंखा तेवढा फिरत होता. प्रमुख मागच्या खुर्चीत बसले होते. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं गेली असतील, फार तर अडीच. मला ती सहन होईनात. मी उठलो, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आपण यांचे आभार मानू या. वेळ झाली आहे." आणि मीच पहिली टाळी वाजवली. त्याबरोबर सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मी तुला खुर्चीकडे नेलं. टाळ्या चालू असताना तुझे ओठ हलत होते. तू बोलायला लागला होतास, सुलेमान. मी ते बघितलं, आणि तरी मी टाळ्या वाजवत राहिलो.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलास. डबा उघडला नाहीस. राजापूर मागे पडेपर्यंत काही बोलला नाहीस.

"येळ झाली नव्हती," तू म्हणालास. "अकरा मिन्टं होती. समोर घड्याळ होतं."

"तू अडकला होतास."

"अडकलो होतो. मेलो नव्हतो."

"अरे, तुला त्रास होत होता. मला बघवेना."

"माजा तरास बघवेना, का तुजी शोभा होईल म्हून?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मग हळू आवाजात, जवळजवळ समजूत काढावी तसा म्हणालास, "बोलायला येळ लागतो रे. इतक्या वर्षांचं हाय. एकदम कसं येणार?"

त्यानंतर आपण भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी येत राहिलो, तू चहा देत राहिलास. पावसाळ्यात तुझा खोकला वाढला, तेव्हा मी तुला डॉक्टरकडे रिक्षानं घेऊन जात होतो, तू येत होतास. मी दोनदा तो विषय काढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुला बंदरावर काम निघालं. या वर्षीच्या तासाची तालीम मी तुझ्याकडे केली नाही. तू बोलावलं नाहीस आणि मी विचारलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला आलो तेव्हा तू ऑक्सिजनची नळी नाकाला लावून बसला होतास. "आल्यावर बोलू," तू म्हणालास. मी म्हणालो, हो, आल्यावर. मला वाटलं माणसं असं म्हणतात म्हणून तू म्हणतोयस.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात उभा राहिलो. सांगितलं, गेल्या वर्षी इथे एक गृहस्थ बोलून गेले, ते काल वारले. नवी मुलं, त्यांना तू माहीतच नव्हतास, तरी सगळी उठून उभी राहिली. मी त्यांना बसायला सांगितलं आणि कापडाच्या विमानांपासून सुरुवात केली. उंची, वेग, पल्ला. मध्येच पाणी प्यायलो, पुढे गेलो. सगळा तास नेहमीसारखा पार पडला. एखादं यंत्र चालावं तसा मी चाललो.

तास संपल्यावर ती अकोल्याची मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आता ती वरच्या तुकडीत आहे. तिला कुणीतरी बातमी सांगितली होती.

"सर, मी तो प्रश्न विचारायला नको होता का? वर्षभर मनात आहे."

"त्या दिवशी तेवढाच एक बरोबर प्रश्न होता," मी म्हणालो. "चूक माझी झाली."

"ते बोलणार होते, सर. मी समोरच बसले होते. मला दिसत होतं."

मी मान हलवली. ती सलाम करून गेली. त्यानंतर मी बराच वेळ टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत बसलो.

रत्नागिरीत उतरलो तो थेट तुझ्या घरी गेलो. हलीमावहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या, बायका होत्या. दोन दिवसांनी गर्दी कमी झाल्यावर त्यांनी मला पडदा बाजूला करून बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, एक गोष्ट हाय. ते बोलले होते, विश्याला मी सांगीन, तू सांगू नको. आता ते नायत."

मग त्यांनी सांगितलं. त्या प्रवासाहून आल्यावर तू चार दिवस घराबाहेर पडला नाहीस. पाचव्या दिवशी तो पांढरा सदरा स्वतः धुतलास, घातलास, आणि दापोलीची एसटी धरलीस. वहिनींना वाटलं, कुठल्या होडीचं काम असेल. दुसऱ्या दिवशी आलास आणि संध्याकाळपर्यंत झोपलास. उठल्यावर एवढंच म्हणालास, की बुरोंडीला जाऊन आलो. इतक्या वर्षांत तू बुरोंडीला कधी गेला नव्हतास. इस्माईलच्या घरी निरोप कंपनीच्या माणसानं दिला होता. कुणी त्या बाजूला लग्नाला बोलावलं तरी तू जात नव्हतास.

"काय बोलून आले, ता मला ठाव नाय," वहिनी म्हणाल्या. "पण त्याच्यानंतर ते रात्रीचे उठायचे बंद झाले."

तू रात्री उठायचास हे मला माहीत नव्हतं. साठ वर्षांच्या ओळखीत तू ते कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

परवा मी बुरोंडीला गेलो. इस्माईलचे आईवडील कधीच गेले. बहीण आहे, झुबेदा, आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. समुद्राच्या बाजूच्या वाडीत एकटी राहते. अंगणात सुकट वाळत घातली होती आणि ती कावळे हाकत बसली होती. मी नाव सांगितलं, रत्नागिरीहून आलो म्हणालो, सुलेमानचा मित्र.

"गेला ना तो?" ती म्हणाली. "कळलं मला. बसा."

मी बसलो. तू आला होतास त्या दिवसाचं विचारलं. ती सुकट चाळवत राहिली.

"भर दुपारी, जोहरच्या टायमाला आला," ती म्हणाली. "नाव सांगितलान नि बसला. तुम्ही बसलाव ना, तितंच. मी इचारलं, पाणी? घेतलान. इचारलं, काय काम काडलाव भाई? बोलेना. मी म्हटलं, बसूंदे. मी भात टाकला, कालवण केलं, उनातली हंतरुणं आत घेतली. तो आपला बसलेला. असरची अजान झाली तेवा बोलला."

"काय बोलला?"

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुमाला म्हाईत नाय?"

"नाही."

"दरवाजा त्येनं लावला होता," झुबेदा म्हणाली. "खाली आग. सायबानं हुकूम दिला, इंजिनाची खोली बंद करा, सगळीकडनं, आत ग्यास सोडायची हाय. आग इझते ना त्येनं, ती ग्यास. कुणीतरी वरडलं, सगळे वर आले म्हून. सुलेमान दाराशी होता. त्येनं दार लोटलान नि बंद करायचं चाक फिरवलान. नंतर माणसं मोजली, तर एक कमी."

समोर समुद्र होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"बाकीची वाचली समदी," ती म्हणाली. "त्येनं ता सांगितलान नाय. मीच इचारलं."

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काय म्हणणार? आई जिती असती तर काय म्हणाली असती, मला नाय म्हाईत. माफ केलं का, ता तुमी इचारू नका. त्येनंपण इचारलान नाय. मी म्हटलं, सुलेमानभाई, उठा, भात गार होतो. जेवला. थोडाच जेवला. रात झाली होती, एसटी नव्हती, हितंच पडवीत निजला. सकाळी मी उठले तर सगळं अंगण झाडून ठेवलेलान."

म्हणजे हे तू त्या मुलांना सांगणार होतास. एकाच मिनिटात कदाचित आलं असतं. कदाचित अकराच्या अकरा मिनिटं लागली असती, कदाचित आलंच नसतं. पण ते माझ्यासमोर, माझ्या वर्गात यायला निघालं होतं, आणि मी त्याच्यावर टाळ्या वाजवल्या. वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आलो की वरून सगळं दिसतं. तुझ्या उजव्या कानाशी उभा राहून इतकी वर्षं बोललो आणि मला तू दिसला नाहीस.

तुला एक सांगतो. मला तिथे बसून तुझा राग आला. तू मला का नाही सांगितलंस? मी पहिल्या दिवशी मिसाईलचं विचारलं म्हणून? तेव्हा मी पंचविशीतला मूर्ख होतो. पुढे निदान हजार संध्याकाळी आपण एकत्र काढल्या. एखाद्या संध्याकाळी सांगायचं होतंस. मग आठवलं की तू म्हणाला होतास, आल्यावर बोलू. आणि राग धरायलाही कुणी उरलं नाही असं वाटलं. तू मला कधी काही सुनावलंस ते फक्त त्या गाडीत, आणि तेही शेवटी समजूत काढत. इतक्या वर्षांत तू मला पडवीतून उठवून लावलं नाहीस, माझा तोच तास पुन्हा पुन्हा ऐकलास, दर वेळी म्हणालास, पोरं बसली हायत, बोल. त्याचे आभार मानायचे होते. तेही राहिलं.

मी निघायला उठलो तेव्हा झुबेदानं विचारलं, "तुमी त्या पोरांना शिकवता ना? सुलेमान बोलत होता. मोठी अफसर होणार हायत म्हणाला, चांगली हायत."

"हो."

"मग ह्ये सांगणार काय त्येंना?"

तिनं सुपातली सुकट पाखडली, एक कावळा हाकला, पुन्हा पाखडली. तिला कसली घाई नव्हती.

"सांगू का?" शेवटी मी विचारलं. "तुमचा भाऊ आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"सांगा," झुबेदा म्हणाली. "दोगांचीपण नावं घेऊन सांगा. पण दरवाजाचं आधी नको. आधी सांगा, जहाजावर ती दोगं एका ताटात जेवायची. इस्माईलच्या पत्रात असायचं ता. ता सांगा, नि मग दरवाजाचं."